‘त्यानं जीव ओतला, बाकीच्यांनी सिनेमा बुडवला’ हे खरं आहे का?

लाडक्या नटाचा सिनेमा पडला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा अभिनय अव्वल, सहकलाकार ठोकळे, संकलन ढिसाळ, पटकथा सुमार, तरी गल्ला बघा! हे प्रेमापोटी लिहिलेलं असतं. पण त्यामुळे त्याचं काम नीट बघायचंच राहून जातं.

‘सहकलाकार ठोकळे होते.’ खरी गोम इथेच असते. बड्या नटाच्या तारखा मोजक्या. मग बाप-लेकाच्या भांडणाचा प्रसंग तुकड्यांत उरकतात. तो सेटवर असेल तेवढ्या वेळात त्याचे सगळे क्लोजअप घ्यायचे आणि तो गेला की समोरच्याचे. त्याच्या जागी बॉडी डबल पाठमोरा उभा असतो, संवादांचा क्यू सहायक दिग्दर्शक कागदावरून सपाट आवाजात वाचतो. समोर बापाचे डोळेच नाहीत आणि मुलानं स्टँडवर चिकटवलेल्या टेपकडे बघून रडायचंय. पडद्यावर नजरा एकमेकींना चुकतात, एकाचा आवाज टिपेला तर दुसरा निवांत. असा प्रसंग आवाज बंद करून बघा आणि दोघांचेही चेहरे एकाच फ्रेममध्ये असलेले शॉट मोजा. काही दिग्दर्शक मुद्दाम चेहरे वेगळे ठेवतात, पण त्यांच्याकडे नजरा जुळलेल्या असतात. इथे दोन्ही गोष्टी नसतील, तर ठोकळेपणाचं खापर एकट्या सहकलाकारावर फोडता येत नाही.

‘संकलकानं घात केला.’ उलट संकलक नटाला सांभाळून घेतो. फसलेला उच्चार पाठमोऱ्या शॉटवर डबिंगमध्ये बदलतो, पोकळ क्षण समोरच्याच्या प्रतिक्रियेखाली झाकतो. सेकंदाला 24 फ्रेम असतात आणि ओठ दोन-तीन फ्रेम मागे पडले तरी खटकतं, म्हणून ही दुरुस्ती चेहरा दिसत नसताना करणं सोपं. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हनं शंभरेक वर्षांपूर्वी एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याला, मग शवपेटीला जोडून दाखवला होता, आणि बघणाऱ्याला आधी भूक दिसते, मग शोक. संकलनात एवढी ताकद असेल तर चांगल्या प्रसंगांचं श्रेयही संकलकाला द्यावं लागेल. नटाचं काम जोखायचं तर न कापलेला लांब शॉट शोधा, त्यातही तो ऐकत असतानाचा. ऐकताना चेहरा रिकामा पडतो का, ते बघा.

संकलनानं सिनेमा बिघडतो, हेही खरं. ‘ब्लेड रनर’ हा हॉलिवूडचा विज्ञानपट 1982 मध्ये नायकाच्या निवेदनासह आणि गोड शेवटासह आला, 1992 च्या आवृत्तीत दोन्ही काढलं आणि चित्रपट उजळला. पण ती आवृत्ती लोकांनी डोळ्यांनी पाहिली. कुणीच न पाहिलेल्या कापलेल्या प्रसंगांवर निकाल कसा द्यायचा?

‘पटकथा त्याच्या हातात नव्हती.’ श्रेयनामावली वाचा. सहनिर्माता म्हणून त्याचंच नाव असेल तर हा मुद्दा तिथेच संपतो. नसेल तरी नरेशन, म्हणजे तोंडी सांगितलेली पटकथा, ऐकून होकार त्यानंच दिलेला असतो.

‘गल्ला बघा.’ आधी कोणता आकडा ते बघा. तिकीटविक्रीच्या एकूण रकमेतून कर जातो, थिएटरचा वाटा जातो, उरतो तो वितरकाचा हिस्सा, आणि पोस्टरवर बहुधा सर्वांत मोठा आकडा छापतात. शुक्रवार ते रविवारची गर्दी बरीचशी आगाऊ बुकिंगची, म्हणजे त्याच्या नावाची. सिनेमा लोकांना आवडला का हे सोमवारी कळतं. सुट्टी नसताना सोमवार शुक्रवारच्या निम्म्याखाली घसरला, तर तोंडी प्रसिद्धी उलटली असं धंद्यातली माणसं धरून चालतात.

‘खरा चाहता उणं बोलत नाही.’ ज्यानं त्याचे जुने सिनेमे पाठ केलेत, त्यालाच या वेळी दिसतं की संवादाआधीचा तो थांबा गेलाय, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मान वळतेय, रडताना हात काय करायचे ते ठरलेलं नाही. नुसतं तिकीट काढून आलेल्याच्या हे लक्षातही येणार नाही.