अठ्ठावीस फुटांची नगरपालिका

नगरपालिकेला उठसूट शिव्या घालणाऱ्या माणसाला एक वर्ष आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला पाठवावं. परत आल्यावर तो ड्रेनेजवाल्याला दिवाळीची पोस्त न मागता देईल, वर चहा पाजेल.

अमेरिकेत घरदार मोडून बारा महिने आरव्हीत राहणारी आणि हंगाम बघून गावोगाव कामं धरणारी एक जमात आहे. आम्ही दोघं त्यातलेच. एकाचा लॅपटॉप, दुसऱ्याच्या हातात मिळेल ते हत्यार, आणि पिकअपच्या मागे २८ फुटी ट्रेलर. फोटो बघून पुण्याचे नातेवाईक म्हणतात, "मजा आहे बुवा तुमची!" फोटोत डोंगर असतो, तळं असतं, खुर्चीत बसलेले आम्ही असतो. सांडपाण्याचा पाइप नसतो, कारण इथल्या ट्रेलरला दार उजव्या अंगाला असतं आणि सांडपाण्याचं तोंड डाव्या. कारखानदारालाही थोडी लाज असतेच.

या २८ फुटांत पाणीपुरवठा, वीज, मलनिस्सारण, इंधन आणि अग्निशमन ही सगळी खाती आपल्याकडेच असतात. तक्रार करायची तर आरशासमोर.

मलनिस्सारणापासून सुरुवात करतो. जेवत असाल तर चार परिच्छेद सोडून पुढे जा.

ट्रेलरच्या पोटात तीन टाक्या असतात. एक ताज्या पाण्याची, दुसरी राखाडी म्हणजे बेसिन आणि मोरीची, तिसरी काळी. काळी साधारण ३० गॅलनची, म्हणजे ११३ लिटरची, आणि तिच्यात काय असतं ते सांगायला नको. कॅम्पग्राउंडवर, म्हणजे अशा गाड्यांच्या तळावर, पूर्ण हुकअपची साइट (गाडी लावायची जागा) मिळाली, म्हणजे नळ, वीज आणि गटार तिन्ही दाराशी आले, की नवख्या माणसाला वाटतं, आता पाइप जोडून काळीची झडप उघडीच ठेवू, रोजची कटकट नको. इथेच घात होतो. उघड्या झडपेतून पातळ तेवढं वाहून जातं आणि बाकीचं संडासाच्या बरोबर खाली साठत, वाळत, चढत जातं. याला इथे पिरॅमिड म्हणतात. इजिप्तच्या पिरॅमिडला निदान तिकीट लावता येतं. तेव्हा काळीची झडप कायम बंद ठेवायची, टाकी दोन तृतीयांश भरू द्यायची आणि मग एका दमात सोडायची. जोरात जाणारं पाणी बाकीचा माल ओढून नेतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

सोडण्याचा क्रम चुकवू नये. हातमोजे चढवा. सांडपाण्याच्या तोंडाचं टोपण काढण्याआधी दोन्ही झडपा बंद आहेत ना ते बघा, कारण टोपण हा शेवटचा दरवाजा आहे. तीन इंची पाइपाचं एक टोक ट्रेलरला आकड्यांत अडकवून फिरवा आणि दुसरं टोक गटाराच्या तोंडात आट्यांवर घट्ट बसवा. नुसतं आत खोचलं तर पहिल्या धक्क्याला ते नागासारखं फणा काढतं. मग आधी काळी सोडा. पारदर्शक कोपरा लावला असेल तर आतला प्रवाह दिसतो. तो बघायचा छंद कुणाला नसतो, पण संपलं कधी ते कळतं. काळी बंद करून मग राखाडी सोडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आतून धुऊन निघतो. उलट क्रमाने केलंत तर पाइपात जे शिल्लक राहतं ते सामानाच्या कप्प्यात आपल्यासोबत पुढच्या राज्यात येतं. शेवटी पाइप आधी ट्रेलरकडून सोडवा, उचलून उरलंसुरलं गटाराकडे ओघळू द्या, आणि काळीत आठ-दहा लिटर पाणी घालून ठेवा. तिला कोरडं ठेवलंत की ती डूख धरते.

डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या सामायिक जागी, दोन नळ असतात, एक पिण्याचा आणि एक धुण्याचा. धुण्याच्या नळाच्या पाइपाचं तोंड लोक कुठे कुठे खुपसतात ते एकदा उभं राहून बघावं. त्यानंतर पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप घेऊन त्या नळाकडे जायची छातीच होत नाही.

टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे भिंतीवर असतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. टाकीच्या आत पातळी ओळखणारे खिळे असतात, त्यांना कागद चिकटला की रिकामी टाकीसुद्धा आयुष्यभर 'दोन तृतीयांश' दाखवते. या बाबतीत आपल्या लोकांचा तांब्या कामाला येतो. कागद कमी, पाणी जास्त, त्यामुळे ना पिरॅमिड ना खोटे दिवे. फक्त टाकी लवकर भरते आणि ताज्या पाण्याची तितक्याच लवकर आटते. दर आठवड्याला करायची ती दगदग चौथ्या दिवशी करावी लागते, पण सोपी होते. मी तांब्याच्या बाजूने आहे.

आता वीज. ट्रेलरला येते ३० अँपिअर, १२० व्होल्ट, म्हणजे ३,६०० वॉट. छपरावरचा एसी १३ अँपिअर खातो, पाणी तापवायची कांडी १२. बेरीज २५. इथपर्यंत संसार सुखाचा. मग कुणाला तरी चटणी वाटायची हुक्की येते. ७०० वॉटचा मिक्सर सहा अँपिअर मागतो आणि बेरीज ३१ होते. गंमत अशी की ब्रेकर लगेच पडत नाही. तो जरा तापतो, विचार करतो, आणि खोबरं अर्धवट वाटलेलं असताना पडतो. ब्रेकर बाहेरच्या खांबावर असला तर पाऊस त्याच वेळी असतो. म्हणून घरात भारनियमनाचं वेळापत्रक लागतं: चटणीच्या वेळी कांडी बंद, चहाच्या वेळी मायक्रोवेव्ह बंद. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणारी कळही बहुतेक गाड्यांत असते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, उलट माहेरी आल्यासारखं वाटतं.

जुलैच्या दुपारी सगळ्या कॅम्पग्राउंडचे एसी एकदम चालले की व्होल्टेज घसरतं. व्होल्टेज कमी झालं की एसीची मोटर जास्त करंट ओढून तापते आणि जळते. म्हणून खांब आणि ट्रेलर यांच्यामध्ये एक रखवालदार डबा लावावा. चांगला डबा १०४ व्होल्टच्या खाली वीज तोडतो. तो तोडतो तेव्हा घरातले त्यालाच शिव्या देतात, पण नवा एसी हजार डॉलरच्या आसपास पडतो, शिव्या फुकट आहेत. आणि प्लग घालताना-काढताना खांबावरचा ब्रेकर आधी पाडायचा. पिना काळ्या पडलेल्या प्लगांचं कारण बहुधा हेच असतं, नाहीतर खांबावरचं सैल सॉकेट.

अग्निशमन खातं तर हुशारच आहे. धुराचा अलार्म शेगडीपासून दोन पावलांवर असतो. मोहरी तडतडली की तो किंचाळतो. मिरची पडली की शेजारचे दोन ट्रेलर बाहेर येतात. शेगडीवरचा पंखा लावला तरी धूर आतच फिरतो, कारण बऱ्याच गाड्यांत त्या पंख्याची बाहेरची झडप दोन खिट्ट्यांनी बंद असते आणि प्रवासात ती तशीच बंद ठेवायची असते. बाहेर जाऊन त्या खिट्ट्या काढल्याशिवाय फोडणी घालू नये. गॅसचा अलार्म मात्र जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड आहे. त्याच्यासमोर चपलांचा ढीग लावू नका.

इतकी खाती सांभाळून पोटापाण्याचंही बघायचं असतं. सगळ्यात मुबलक काम म्हणजे कॅम्पग्राउंडचं यजमानपद. शेकोटीच्या कड्यांतली राख काढा, संडास धुवा, सरपणाच्या मोळ्या विका आणि रात्री दहानंतर गिटार वाजवणाऱ्याला गोड बोलून गप्प करा. मोबदल्यात साइट फुकट. 'फुकट' वाचलं की आधी पाटी-पेन्सिल घ्यावी. साइटचं भाडं महिना ६०० डॉलर धरा आणि दोघांचं मिळून काम आठवड्याला ४० तास. महिन्याचे १७२ तास झाले, म्हणजे तासाला साडेतीन डॉलर. देशाचं किमान वेतन २००९ पासून सव्वासात आहे. साइटच्या बदल्यात किती तास आणि त्यावरच्या तासांचे पैसे किती, हे लेखी घ्यावं. ज्याला लिहून द्यायला संकोच वाटतो त्याच्याकडे जाऊ नये.

जाहिराती बहुतेक जोडप्यासाठीच असतात. एक साइट, दोन माणसं, हिशोब सरळ. बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्यांनाही मुकादम तसाच धरतो, नवरा-बायको मिळून एक कोयता. आमची ऑक्टोबरची वारीही साखरेचीच असते. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या मधल्या रेड रिव्हर खोऱ्यात साखरेच्या बिटाची काढणी साधारण १ ऑक्टोबरला सुरू होते आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या लागतात. ट्रक येतो, बिटं यंत्रात पडतात, यंत्र त्यांचा डोंगर रचतं. आपण ट्रकला हातवारे करायचे, नमुन्याची पिशवी भरायची आणि यंत्राखालचा चिखल उपसायचा. पाऊस पडला की काम बंद. कडक थंडीने बीट गोठलं तरी बंद. ऊन वाढलं तरीही बंद, कारण उबदार बीट ढिगात सडतं आणि तो ढीग पुढे कित्येक महिने उघड्यावर टिकवायचा असतो. बिटाच्या तब्येतीची इतकी काळजी घेणाऱ्या शिवारात आपण रात्रपाळी करून सकाळी आठला झोपतो आणि शेजारी जनरेटर सुरू करतो. ऊसतोडीशी तुलना मात्र इथेच थांबवलेली बरी. ते पालात राहतात, उचल फेडण्यासाठी. आमच्या पालाला गिझर आहे.

त्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली जातो आणि इंधन खात्याची धांदल उडते. घर तापवणारी ३०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप) गॅसची भट्टी सलग चालली तर २० पौंडी, म्हणजे नऊ किलोची टाकी १४ तासांत संपते. निम्मा वेळ चालली तरी सव्वा दिवस. ती पहाटे तीनलाच संपते, यावर सर्वांचं एकमत आहे. दोन टाक्या आणि आपोआप बदलणारा रेग्युलेटर ठेवावा, शिवाय त्याची खूण लाल झाली का ते संध्याकाळीच बघावं. पाण्याचा पाइप रात्री सोडून रिकामा करावा, नाहीतर सकाळी त्याचा बर्फाचा सोटा होतो.

उरला लॅपटॉपवाला. त्याचं भांडण सावलीशी असतं. झाडाखालच्या साइटवर एसी कमी चालतो, पण उपग्रहाच्या थाळीला आकाश दिसत नाही, आणि मीटिंगमध्ये आपला चेहरा दर काही मिनिटांनी तोंड वासून थिजतो. उघड्यावर लावली तर नेट झकास आणि आत भट्टी. कॅम्पग्राउंडचं वायफाय हा पर्याय धरू नये. संध्याकाळी सगळे सिनेमे बघतात. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं आणि एक थाळी, इतकं असलं तरच नोकरी टिकते.

घड्याळाचा घोळ वेगळाच. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. त्याच राज्यातला नवाहो या मूळनिवासी लोकांचा प्रदेश करतो, आणि त्याच्या पोटातला होपी या दुसऱ्या मूळनिवासींचा प्रदेश करत नाही. युटाच्या सीमेजवळच्या पेज गावात उभं राहिलं की फोन कधी अ‍ॅरिझोनाचा टॉवर धरतो, कधी युटाचा, आणि बसल्याजागी तासभर म्हातारा होतो. पुण्याच्या टीमशी सकाळी आठची, म्हणजे त्यांच्या रात्री साडेआठची बैठक ठरली असेल तर फोनचं आपोआप वेळ घेणं बंद करून हाताने फिनिक्सची वेळ लावावी.

हे वाचून एच-वन-बीवाल्यांनी ट्रेलर बघायला धावू नये. तो व्हिसा कामाच्या ठिकाणाला बांधलेला असतो. त्या महानगराच्या पट्ट्याबाहेर मुक्काम हलवून काम करायचं तर मालकाला बहुधा सुधारित अर्ज भरावा लागतो. बिटाचा चिखल उपसणं तर दूरच, फुकट साइटच्या बदल्यात संडास धुणं हीसुद्धा दुसऱ्याची चाकरीच. आधी ग्रीन कार्ड, मग काळी टाकी.

पत्त्याचं खातं त्या मानाने सोपं आहे. बरेच जण साउथ डकोटाचे रहिवासी होतात: एक रात्र मुक्काम, त्याची पावती, टपाल घेऊन पुढे पाठवणाऱ्या कंपनीचा पत्ता. राज्याचा आयकर नाही म्हणून सगळे खूश असतात. पण मिनेसोटात राबून मिळवलेल्या पगारावर मिनेसोटाचा कर लागू असतो, हे पुढच्या एप्रिलमध्ये कळतं.

हंगाम संपला की निघायचं. ट्रेलरचा आकडा पिकअपला अडकवल्यावरच चाकांचे ठोकळे काढायचे, त्याआधी नाही. कोपऱ्यांचे जॅक नुसते आधाराला असतात. त्यांनी गाडी समपातळीत आणायला गेलात तर सांगाडा वाकतो आणि दार लागेनासं होतं. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, सहा-सात वर्षांचा टायर बदलायचा. पहिल्या थांब्यावर चारही चाकांच्या हबजवळ (मधल्या तुंब्याजवळ) हात नेऊन बघा. एकच जास्त तापला असेल तर बेअरिंग गेलंय किंवा ब्रेक घासतोय. फ्रिजच्या दाराला खिट्टी लावाच. लोणच्याची बरणी टॉवेलात गुंडाळून सिंकमध्ये ठेवा. ओट्यावर राहिली असेल तर थांब्यावर दार उघडून उगाच रक्तदाब वाढवू नका. पुढच्या मुक्कामी नळ जोडल्यावरच आत जा आणि चप्पल घालून जा.