‘आम्ही १४ टक्क्यांनी घर घेतलं’

‘आम्ही १४ टक्के व्याजानं कर्ज काढून घर घेतलं. तुम्हाला निम्म्या दरानं मिळतं, तरी रडगाणं चालूच. बाहेरची कॉफी आणि नवा मोबाइल सोडा, घर होईल. नाहीतर भाड्यानं राहा, घाई काय आहे?’ हा फॉरवर्ड इतक्यांदा आलाय की पाठ झालाय.

व्याजाचं खरं आहे. अमेरिकेत ऑक्टोबर १९८१ मध्ये गृहकर्जाचा दर १८ टक्क्यांवर गेला होता. पण व्याज किती रकमेवर, हे फॉरवर्ड सांगत नाही. इंग्लंडमध्ये १९९७ साली घराची मध्यक किंमत (निम्मी घरं तिच्याहून महाग, निम्मी स्वस्त) वर्षाच्या पगाराच्या साधारण साडेतीन पट होती. २०२१ मध्ये नऊ पट. या दोन किमती धरून जुन्या कर्जदाराला मुद्दाम फॉरवर्डमधले १४ टक्के लावू, नव्याला ६. मुदत दोघांना २० वर्षं, डाउनपेमेंट २० टक्के. जुन्याचा हप्ता पगाराच्या ४२ टक्के येतो, नव्याचा ६२ टक्के. म्हणजे व्याज निम्म्याहून कमी, आणि हप्ता दीडपट!

खरी मेख पुढे आहे. चढ्या व्याजाच्या त्या काळात महागाईही चढी होती आणि तिच्या मागोमाग पगारही वाढत. पगार वर्षाला १० टक्क्यांनी वाढला, तर तो ४२ टक्क्यांचा हप्ता सात वर्षांत २२ टक्क्यांवर येतो. सुरुवातीची तीन-चार वर्षं दात-ओठ खाऊन काढायची, मग श्वास मोकळा. मंदावलेल्या अर्थव्यवस्थेत पगार २ टक्क्यांनी वाढतो, तेव्हा सात वर्षांनीही नव्याचे ५४ टक्के हप्त्यातच जातात. ‘आम्हीही सोसलं’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत; त्यांचं सोसणं संपत गेलं, एवढंच.

आता कॉफी. कॉफी-मोबाइल मिळून पगाराच्या ४ टक्के वाचले म्हणू (मी तरी एवढी कॉफी पीत नाही). नव्या कर्जदाराचं डाउनपेमेंट आहे पावणेदोन वर्षांच्या पगाराहून जास्त. निव्वळ या बचतीतून ते जमायला ४५ वर्षं लागतील, तीही घराची किंमत पगारापेक्षा वेगानं वाढली नाही तर.

स्वस्त कर्जाचं कौतुकही जपूनच करावं. दर उतरला की सगळ्याच खरेदीदारांना जास्त कर्ज मिळतं. घरं मात्र तेवढीच असली, तर ती ऐपत किमतीत जिरते आणि फायदा विकणाऱ्याच्या खिशात जातो.

राहिलं भाडं. डाउनपेमेंट साठवायचं असतं ते भाडं भरून उरलेल्या पगारातूनच.