टीबी बरा होतो हे कळलं, पुढचं कोण सांगणार?

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडका तपासा, हे आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. पण बेडका काढायचा कसा? डबीत बऱ्याचदा लाळच येते. खरं तर सकाळी उठल्याबरोबर, साध्या पाण्याने चूळ भरून, उघड्यावर उभं राहून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खाकरून काढायचं. घट्ट हवा, किमान २ मिली. नुसती थुंकी दिली तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, मग पेशंट खोकल्याचं औषध पीत बसतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, तर ‘धुळीचा खोकला’ म्हणून आणखी उशीर. त्याच सिलिकाच्या, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीने टीबीचा धोका वाढतो, हे कोण सांगतं?

माझ्या मते लोक अडाणी नाहीत, गोळ्या देताना बोलणंच कमी पडतं. लघवी केशरी होणार, ते रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे, घाबरू नका. एवढं एक वाक्य राहिलं की रक्त जातंय समजून गोळ्या बंद! याच औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हे बाईला बाजूला घेऊन सांगावं लागतं. डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

गोळ्या वजनावर असतात: ३५ ते ४९ किलोला रोज ३, ५० ते ६४ ला ४. दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. महिना-दीड महिन्यात ताप जातो, भूक लागते, आणि बरेच जण तिथंच सोडतात. सुस्त जंतू आत शिल्लक असतात. ते उलटले आणि औषधाला दाद देईनासे झाले, तर उपचार जास्त अवघड.

घरात ताट-वाटी वेगळी करण्यात काही अर्थ नाही हो. आजार हवेतून पसरतो. खिडकी उघडा, खोकताना तोंडावर रुमाल धरा, पाच वर्षांखालच्या पोरांना आधी तपासून घ्या.

ऊसतोडीच्या टोळ्यांचं वेगळंच. हंगाम संपतो, सहा महिन्यांचा कोर्स नाही. म्हणून निक्षय आयडी, म्हणजे टीबी पेशंटचा सरकारी नोंदणी नंबर, पेशंटच्या हातात लिहून द्या, मुकादमाच्या नको. तो नंबर दाखवला की गावाकडच्या केंद्रात त्याच गोळ्या पुढे चालू होतात. पोषणाचे महिन्याला १००० रुपयेही त्याच नोंदीवर येतात, फक्त बँक खातं आधी जोडून घ्यायचं.