जत्रेतल्या नाटकात राजा व्हायचंय?

बाबा रे, विशीत आलास, आता मागे राहून चालायचं नाही. पॉलहस आणि विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली तीन गुण एका दावणीला बांधले: आत्मप्रेम, कावेबाजपणा, निगरगट्टपणा. म्हणाले, 'डार्क ट्रायड'. नावं ठेवायची खोडच त्यांना. आपल्या फोंड्यात यालाच रुबाब, चलाखी आणि डेअरिंग म्हणतात.

सुरुवात जत्रेतल्या नाटकापासून कर. राजाची भूमिका माग. तालमीला जाऊ नकोस. जाणारे जातातच, त्यांना दुसरं काम काय? संवाद अडला की प्रॉम्प्टरकडे अशा नजरेनं बघ, की चूक त्याचीच वाटावी. दुसऱ्या दिवशी स्टेटसला स्वतःचाच फोटो टाक. पहाटेपर्यंत पडदा ओढणारा कडेला दिसत असेल तर काप. वर्गणीचा हिशेब तुझ्याकडे असला तर सोन्याहून पिवळं. कुणी विचारलाच, तर डोळ्यांत पाणी आण आणि 'देवाच्या कामात माझ्यावर संशय?' एवढंच म्हण. विचारणाराच मान खाली घालून प्रसाद घेऊन घरी जाईल. (मी गेलोय.)

मित्राची बुलेट मिरामारला ने, टाकी रिकामी करून आण, आणि वर 'ब्रेक लागत नाहीत' म्हणून त्यालाच झाप. बाटली रेतीत फोड. किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला गोव्याच्या पर्यटनस्थळ कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं दंड ठेवलाय खरा, पण पकडलं तर मामाचं नाव सांग. नसला तर जोड एखादा. गोव्यात प्रत्येकाचा मामा कुठल्या ना कुठल्या खात्यात असतोच.

डॉक्टरांना भिऊ नकोस. 'समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार' हे निदान अठरा वर्षांखाली करतच नाहीत, आणि त्यासाठी पंधराव्या वर्षाआधीची लक्षणंही लागतात. तुझी होती की! गणपतीच्या चवथीला कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधली होतीस. आई म्हणाली, 'लहान आहे अजून.' आम्ही सगळे हसलो. कुत्रं नंतर कुणाला दिसलं नाही.

जोनासन आणि वेबस्टर यांनी २०१० मध्ये हे तिन्ही गुण मोजायला बारा वाक्यांची चाचणीही काढलीय. ती प्रामाणिकपणे भरायची असते, म्हणजे तुला कसली भीती?

पुढच्या वर्षी उत्सव समितीचा अध्यक्ष तूच, हे ठरल्यात जमा आहे. पडदेवाला तेवढा यंदापासून येत नाही म्हणालाय. प्रॉम्प्टरही.