2520 मध्ये गूढबिढ काय नाय, लसावि आहे तो

आमच्या देवगडच्या फॅमिली ग्रुपवर काल परत तो फॉरवर्ड आला. 2520 हा म्हणे जगातला एकमेव आकडा ज्याला 1 ते 10 सगळ्यांनी भाग जातो, रामानुजनने शोधला, आणि गुपित काय तर 7 वार × 30 दिवस × 12 महिने. काकांनी पाठवलाय म्हणून इतके दिवस गप्प होतो, पण आता भाचीने तो सहावीच्या प्रोजेक्टमध्ये घातलाय, तेव्हा लिहितोच.

"एकमेव" म्हणे. दुप्पट करा की, 5040, त्यालाही सगळ्यांनी भाग जातो, मग 7560, मग 10080, करत बसा, संपत नाही. 2520 त्यातला सगळ्यात लहान, म्हणजे शाळेतला लसावि. 8, 9, 5, 7 चा गुणाकार केला की झाला, 6 आणि 10 त्यात आपोआप आले. 11 ला लगेच अडतो, बाकी 1. आणि 1 ते 20 पर्यंत हवं असेल तर थेट 23,27,92,560 गाठावा लागतो.

कुणी तरी खाली लिहिलंय "या आकड्याला कशानेही भाग जातो". बरं. 2520 हापूस घ्या. 5 डझनच्या 42 पेट्या, 6 डझनच्या 35, छान. आता 4 डझनच्या भरा, 52 भरतात आणि 53वी अर्धी राहते, कारण 48 ला चार वेळा 2 लागतो आणि 2520 कडे तीनच आहेत.

रामानुजनचं म्हणाल तर लसाविची रीत युक्लिडकडे आहे, साधारण 2300 वर्षं झाली. रामानुजनने 1915 च्या पेपरात केलं ते याच्या कितीतरी पुढचं: असे आकडे, ज्यांना त्यांच्यापेक्षा लहान कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त विभाजक आहेत. 2520 त्यात आहे, 48 विभाजक, पण 1260, 1680, 5040 पण आहेत. त्याची यादी 67,46,32,83,88,800 पर्यंत जाते, त्याला 10,080 विभाजक! आणि एवढ्या यादीत एक सुटला, 2,93,31,86,25,600. मजा म्हणजे यालाच 23 ने गुणलं की यादीतला तो शेवटचा येतो. फॉरवर्ड करायचं तर हे करा ना.

राहिलं वार-महिन्यांचं. महिना काय दरवेळी 30 चा नसतो. तिथी धरल्या तर 30 होतात, मान्य, पण मग अधिक महिना आला की 7 × 30 × 13 म्हणजे 2730, आणि त्याला 4 ने पण भाग जात नाही. अधिकात गुपित रजेवर जातं वाटतं.

एवढं सगळं टाकल्यावर काकांचा रिप्लाय: "पण भाग जाता मां?"

जातो काका. पुढच्या वेळी 6174 पाठवा: सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाचे वजा करत राहा, शेवटी हाच येतो. आपल्या किनाऱ्यावरच, डहाणूला जन्मलेल्या कापरेकर मास्तरांचा आहे, आणि तो खरा आहे.