धालोच्या आठवड्यात शिबिर लावणाऱ्या मास्तराचा प्रतिवाद

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. मला तो तीन गटांतून आला. एकात तर माझ्याच जुन्या विद्यार्थ्याने पाठवला होता, खाली जोडलेल्या हातांची दोन चित्रं. म्हणणं असं की गोव्यातल्या आदिवासी मुलामुलींसाठी युवा विकासाचे कार्यक्रम चालवायला शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना वेगळं प्रशिक्षण देणं ही शुद्ध उधळपट्टी. कारणं पाच दिली आहेत. गोव्यात खरे आदिवासी नाहीतच, २००३ साली कागदावर झाले ते. मूल ते मूल, चांगला मास्तर कुठेही चांगलंच शिकवतो. पालकांनाच पडलेली नाही, सुट्टीत फुकट शिबिर ठेवलं तरी पोरं येत नाहीत. कोणी नेमायचाच तर त्यांच्यातलाच एखादा नेमा, प्रशिक्षणाचा खर्च वाचेल. आणि शेवटचं, धालो-फुगडीच्या नाचगाण्याने पोट भरत नाही, त्यांना इंग्रजी आणि कॉम्प्युटर द्या.

मी अंत्रुजेतला, म्हणजे फोंड्याकडचा. नोकरीची बरीच वर्षं काणकोण आणि केपे तालुक्यांतल्या मराठी शाळांवर काढली. यातली निदान दोन कारणं मी स्वतः एके काळी केंद्राच्या बैठकीत चहा पिता पिता बोललो आहे. त्यामुळे आवाज चढवायचा मला फारसा हक्क नाही. तरी उत्तर देतो.

‘गोव्यात आदिवासी आहेतच कुठे?’

लाल चौकड्यांचं कापड नेसून बायका पर्यटकांपुढे नाचतात, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो शिष्यवृत्तीचा फॉर्म पुढे आला की निघतो.

गावडा, कुणबी आणि वेळीप हे तीन समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आले ते २००२ च्या दुरुस्ती कायद्याने, अंमल जानेवारी २००३ पासून. त्याआधीची १९६८ ची यादी गोवा, दमण आणि दीव या संघप्रदेशासाठी होती. तिच्यात धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी, वारली ही नावं, म्हणजे बहुतेक दमणकडची. गोव्याची जमीन सगळ्यांत आधी ज्यांनी कसली असं आपण सगळेच म्हणतो, तेच नेमके यादीबाहेर राहिले होते. कागदाला उशीर झाला म्हणून माणसं नवी होत नाहीत. २०११ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींचे १,४९,२७५ लोक नोंदले गेले, दहांत एक.

त्याच वर्षी २५ मे रोजी केपे तालुक्यातल्या बाळ्ळीला हक्कांसाठी आंदोलन झालं आणि मंगेश गावकर व दिलीप वेळीप हे दोन तरुण आगीत गेले. आदिवासी युवकांसमोर उभं राहणाऱ्या प्रशिक्षकाला ही तारीख पाठ नसेल तर त्याने आधी घरी बसून ती पाठ करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा. तिकडचा कुणबी आणि गोव्यातला कुणबी यांत नावाचं साम्य आहे, यादी वेगळी आहे. तिकडे तो इतर मागासवर्गात, इकडे अनुसूचित जमातीत. हा संदेश सीमेपलीकडेही पोचला आहे आणि तिकडे ‘कुणबी कसले आदिवासी’ असे शेरे त्यावर पडताहेत, ते या गोंधळातून.

‘मूल ते मूल’

हे वाक्य मी बोललेलो आहे. ऐकायला प्रेमळ वाटतं, आणि प्रेमळ वाटतं म्हणूनच कोणी उलटतपासणी करत नाही.

हवाई बेटांवर १९७० च्या दशकात स्थानिक हवाईयन मुलांसाठी वाचनाचा एक प्रकल्प चालला. मुलं वर्गात गप्प बसायची नाहीत, एकाचं वाक्य दुसरा मध्येच उचलायचा, तिसरा पुरं करायचा. शिक्षकांच्या लेखी हा गोंधळ. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की घरी आणि अंगणात ही मुलं गोष्ट अशीच सांगतात, चारपाच जणांनी मिळून. शिक्षकांनी ‘एका वेळी एकच बोला’ हा हट्ट सोडायला शिकून घेतलं, तेव्हा धड्यावरची चर्चा रंगू लागली आणि वाचन सुधारलं.

खरी गंमत पुढे आहे. हीच यशस्वी पद्धत अमेरिकेतल्या नावाहो मुलांकडे नेली तेव्हा ती तशीच्या तशी लागू पडली नाही. नावाहो मूल सावकाश, लांबलचक बोलतं आणि त्याचं संपेपर्यंत बाकीचे थांबतात. मध्ये तोंड घालणं तिथे वाईट दिसतं. हवाईत मुलगे-मुली मिसळून चारपाचांचे गट जमले होते. इथे मुलग्यांचे वेगळे, मुलींचे वेगळे, दोघातिघांचे करावे लागले. शिक्षक चांगले होते, पद्धत तपासून घेतलेली होती, दोन्हीकडची मुलं मूळ रहिवाशांची होती. तरीही समोरची मुलं पाहून सगळं पुन्हा मांडावं लागलं. ‘चांगला मास्तर कुठेही चांगला’ या म्हणण्यात हे कुठे बसतं, ते संदेश लिहिणाऱ्याने सांगावं.

आपल्याकडे बघा. माझ्या वर्गातली मुलं घरी कोंकणी बोलत, शाळेत मराठी वाचत. मी त्यांच्याशी कोंकणीत बोलायचो आणि मला वाटायचं, झालं की काम. पण माझी कोंकणी अंत्रुजेची. काणकोणातल्या गावडोंगरीच्या वाड्यावरची वेगळी, शब्दांपासून हेलापर्यंत. मी बोललो की मुलं हसायची, आणि मी मात्र त्यांच्या वहीतले त्यांचे शब्द लाल शाईने खोडायचो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या घरचा शब्द मास्तराने चारचौघांत चुकीचा ठरवला, की पुढे त्या मुलाला ‘आत्मविश्वास वाढवा’ या विषयावर व्याख्यान देण्यात काही राम उरत नाही. हे मला कोणत्याही डीएडच्या पुस्तकात शिकवलं नव्हतं.

‘सुट्टीतसुद्धा पोरं येत नाहीत’

इथे मला माझीच गोष्ट सांगायला हवी. जानेवारीत मी एकदा दोन दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर लावलं होतं. आठवी ते बारावीची मुलं, नाश्ता, वही-पेन, मडगावहून आणलेले वक्ते. चाळीस नावं होती. पहिल्या दिवशी सकाळी नऊला चार मुलं आली, त्यात एकही मुलगी नव्हती. मी तणतणत वाड्यावर गेलो आणि पहिल्याच अंगणात एका आजीला ऐकवलं की तुम्हाला मुलांच्या भल्याची काही पडलेली नाही. ती शांतपणे म्हणाली, “मास्तर, रातभर मांडार आसतात तीं. न्हिदतलीं केन्ना?” म्हणजे, रात्रभर मांडावर असतात ती, झोपणार कधी?

पौष महिना चालू होता. मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र जागेवर, धालो चालले होते. रात्री बायकामुली समोरासमोर ओळी धरून गातात-नाचतात, ते ओळीने काही रात्री. त्या मुली सकाळी झोपल्या होत्या, आणि मी त्यांना नेतृत्वगुण शिकवायला निघालो होतो. कोणती ओवी कोणी उचलायची, लहान मुलींना ओळीत कुठे घ्यायचं, कोणाशी भांडण असलं तरी हात कसा धरायचा, हे त्या रात्रभर करत होत्या. वक्त्यांच्या विषयपत्रिकेत ‘संघभावना’ नावाचा तास होता, तो आठवून मला आजही ओशाळल्यासारखं होतं.

उन्हाळ्याचंही तसंच. एप्रिल-मे म्हणजे आपल्या डोक्यात रिकामे महिने. डोंगराकडच्या घरांत तो काजूचा मोसम. पहाटे चढायचं, बोंडू वेचायचे, बिया वेगळ्या करायच्या, ऊन चढायच्या आत उतरायचं. घरातली सगळी हातपाय असलेली माणसं त्यात असतात. वर्षाची रोकड तेव्हाच हातात येते. (२०२५ साली सहावी ते दहावी आणि बारावीचं नवं वर्षच ७ एप्रिलला सुरू केलं गेलं. उन्हाची चर्चा पुष्कळ झाली. काजूची मी फारशी ऐकली नाही.) अशा दिवसांत फुकट शिबिर हे फुकट नसतं, त्या घराचा एक दिवसाचा मोसम त्यात जातो.

डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना वारली मुलांच्या बाबतीत हाच पेच पडला होता. मुलं गुरांमागे जात, शाळेत येत नसत. त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द मराठी शिक्षकाला परका नाही. आपण परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरलो, एवढंच.

पालकांवर खापर फोडायची ही सवय फक्त आपलीच आहे असं मात्र नाही. न्यूझीलंडमध्ये २००१ साली ‘ते कोताहितांगा’ हा प्रकल्प सुरू झाला. वायकातो विद्यापीठाच्या रसेल बिशप यांच्या गटाने आधी प्रश्न विचारले. माओरी मुलं माध्यमिक शाळेत मागे का पडतात? मुलांना विचारलं, घरच्यांना, मुख्याध्यापकांना, शिक्षकांना. मुलं आणि घरची माणसं प्रामुख्याने म्हणाली, वर्गात शिक्षक आमच्याशी कसा वागतो त्यावर सगळं आहे. बहुसंख्य शिक्षक म्हणाले, घरचं वातावरणच तसं, मुलांतच कमी आहे. हे शिक्षक दुष्ट नव्हते. पण ज्याला दोष घरात दिसतो, त्याला वर्गात बदलायला काही शिल्लकच राहत नाही. म्हणून तिथलं प्रशिक्षण सुरू झालं ते मुलांनी सांगितलेल्या हकिकती शिक्षकांना वाचायला देऊन. माओरी चालीरीतींवर व्याख्यानं ठेवून सुटका करून घेतली नाही. पुढे वर्षभर एक मार्गदर्शक वर्गात मागे बसायचा, नोंदी घ्यायचा आणि नंतर शिक्षकाशी त्यावर बोलायचा. बहुतेक शिक्षक माओरी नव्हते, हेही लक्षात ठेवा.

मला हवं ते प्रशिक्षण या धर्तीचं. पणजीच्या सभागृहात दोन दिवस पडद्यावर चित्रं दाखवून, शेवटी प्रमाणपत्र आणि पिशवी देऊन जे होतं, त्याला संदेशाने उधळपट्टी म्हटलं असतं तर मी खाली सही केली असती. आधी चार दिवस वाड्यावर राहा. महिन्यागणिक कोण कुठे कामाला असतं ते मुलांकडूनच लिहून घ्या. मांडावर चप्पल घालून चढू नका. बुदवंत, गावकार या गावच्या मानकऱ्यांना, आणि बायकांत ज्यांचा शब्द चालतो त्यांना आधी भेटा. मुलांचं म्हणणं ऐकताना मध्ये बोलायचं नाही, याचा सराव करा. आम्हा मास्तरांना यातलं शेवटचं सगळ्यांत जड जातं.

‘त्यांच्यातलाच नेमा’

अर्धं बरोबर. समाजातलीच मुलगी किंवा मुलगा नेमता येत असेल तर आधी तोच नेमावा, याबद्दल माझा वाद नाही. वाद पुढच्या अर्ध्याशी आहे, ‘म्हणजे प्रशिक्षण नको’ याच्याशी.

त्यांच्यातला म्हणजे कोणातला? वेळिपांच्या वाड्यावरचा मुलगा गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या ख्रिस्ती गावड्यांमध्ये जन्मतःच आपला ठरत नाही. गावड्यांतच हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, १९२८ च्या शुद्धीनंतर हिंदू धर्मात परत आलेले नवहिंदू आहेत. शिवाय मडगावला कॉलेज करून परतलेल्या मुलाला गावातले म्हातारे अजून ‘पोर’च समजतात. वीस किशोरवयीनांचा गट सांभाळणं, अबोल मुलीला बोलतं करणं, एखाद्या मुलाने घरातला छळ सांगितला तर काय करायचं, हे जन्माने येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ज्या गावात सगळे एकमेकांचे नातेवाईक, तिथे त्यांच्यातल्याच कार्यकर्तीवर याचा ताण बाहेरच्यापेक्षा अधिक येतो. तिला शिकवल्याविना, आधाराविना त्या जागी उभं करणं हा तिच्यावर अन्याय आहे. आणि खरं सांगू? ‘त्यांच्यातलाच नेमा’ याचा अर्थ पुष्कळदा ‘स्वस्तात नेमा’ असा असतो.

‘इंग्रजी आणि कॉम्प्युटर द्या’

द्या की. कोणी अडवलंय? धालो आला म्हणून कॉम्प्युटर गेला, अशी ही अदलाबदल आहे हे गृहीतच मला कळत नाही.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांचा चँडलर आणि लालोंद यांनी अभ्यास केला, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. जिथे जमिनीच्या हक्कासाठी समाज लढत होता, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन, स्वतःचा कारभार त्यांच्या हातात होता, सांस्कृतिक कार्याला जागा होती, तिथे तरुणांच्या आत्महत्या फार कमी होत्या. ज्या वस्त्यांत या सगळ्या गोष्टी होत्या, तिथे त्या पाच वर्षांत एकही नाही. एकामुळेच दुसरं घडलं असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण संस्कृती म्हणजे काय, याची त्यांची यादी बघा: जमीन, शाळा, कारभार. नाच हा त्यातला एक कोपरा.

हे खोतीगाव किंवा नेत्रावळीच्या अभयारण्यातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यांच्या घरच्यांनी दावे केले आहेत. त्या दाव्याचा नकाशा वाचणं, मोबाइलवर जागेचे बिंदू नोंदवणं, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मागणं, उत्तर इंग्रजीत आलं तर ते समजून घेणं, हे इंग्रजी आणि कॉम्प्युटरच आहे. फरक इतकाच की मुलगा ते जांभया देत शिकत नाही. मात्र हे घडवून आणायला शिक्षकाला वनहक्क कायदा माहीत हवा, आणि तो मला स्वतःला निवृत्तीच्या जवळ आल्यावर कळला.

हे सगळं मी त्या जुन्या विद्यार्थ्याला लिहून पाठवलं. तो आता स्वतः सांग्याकडे एकशिक्षकी शाळेवर आहे. रात्री त्याचं उत्तर आलं: “सर, सगळं पटलं. पण मी चार दिवस वाड्यावर राहायला गेलो तर शाळेचं कुलूप कोण उघडणार?”

पाच कारणांपैकी एकातही नसलेला हा आक्षेप मला त्या पाचांपेक्षा वजनदार वाटतो. अर्धं उत्तर माझ्याकडे आहे. त्याला सभागृहात बोलावण्याऐवजी मार्गदर्शकाने त्याच्या शाळेत जावं, मागच्या बाकावर बसावं, संध्याकाळी त्याच्याबरोबर वाड्यावर जावं. उरलेल्या अर्ध्यासाठी त्या चार दिवसांपुरता बदली शिक्षक लागतो, आणि तो शिक्षण खात्यानेच द्यायला हवा. तसा अर्ज कसा लिहायचा, यावर आम्ही दोघे या रविवारी बसणार आहोत.