खोक्याएवढा उपग्रह वादळाचं काय बघणार? बघतो, आणि नीट बघतो

आमच्या दोन-तीन ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "छोटे उपग्रह म्हणजे खेळणी, हवामानासाठी इन्सॅट आहे की, आणि ही डबडी दोन-चार वर्षांत जळून जातात म्हणजे पैसा पाण्यात." मी कोकणातला, 3 जून 2020 ला निसर्ग वादळात घरांवरचे पत्रे उडताना पाहिलेत, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी इन्सॅट, म्हणजे आपला हवामानाचा मोठा उपग्रह. तो हवाच, वादच नाही. पण 36 हजार किमीवरून त्याच्या इन्फ्रारेड फोटोत मुख्यतः ढगांचा माथा दिसतो, वरती जाड ढग पसरले की खाली वादळाचा डोळा कुठाय, पाऊस कुठल्या बाजूला जोरात आहे ते झाकलं जातं. मायक्रोवेव्ह लहरी त्या ढगांतून आरपार येतात, पण त्या टिपणारे उपग्रह पृथ्वीच्या बरेच जवळून फिरतात, आणि एकटा उपग्रह एकदा वरून गेला की परत त्याच जागी यायला कितीतरी तास, तेवढ्यात वादळ कुठच्या कुठे गेलेलं असतं. म्हणून नासाने मे 2023 मध्ये न्यूझीलंडहून ट्रॉपिक्स या वादळं बघणाऱ्या मोहिमेचे 4 उपग्रह सोडले, एकेक ब्रेडच्या पुड्याएवढा, वजन साधारण 5 किलो. चौघं मिळून साधारण तासातासाने वादळावर नजर टाकणार हा हिशोब.

आता "खेळणी". नासाच्याच सिग्नस (CYGNSS) मोहिमेचे 8 उपग्रह डिसेंबर 2016 मध्ये वर गेले, प्रत्येकी तीसेक किलोचे. यांना स्वतःचा रडार नाही, जीपीएसचे सिग्नल समुद्रावर आपटून वर येतात ते ऐकतात. तळं शांत असलं की चंद्र गोल दिसतो, वारा सुटला की चांदणं पसरून तुटतं, तसंच हे, सिग्नल किती विखुरला त्यावरून समुद्रावरचा वारा काढतात. आणि जीपीएसच्या लहरी धो-धो पावसातूनही जातात, म्हणजे नेमकं वादळाच्या पोटातलं कळतं. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही यांच्या वाटेवर येतात बरं का.

जळून जातात, हो जातात. पण सिग्नस दोन वर्षांसाठी सोडलेले, 2023 उजाडला तरी त्यांचं काम चालूच होतं.

आणि ट्रॉपिक्सचे पहिले दोन उपग्रह जून 2022 मध्ये रॉकेट फसल्यामुळे गेलेच होते, ठरलेले 6 होते. एकच मोठा असता तर मिशन तिथेच संपलं असतं, इथे उरलेले 4 पुढच्या मे महिन्यात वर गेले आणि कामाला लागले.